जर्मन खेड्यातली ज्यू वस्ती आणि गावदप्तर : काय, कुठे आणि कुठल्या क्रमानं शोधायचं

"आपल्या गावात पूर्वी राहणाऱ्या ज्यू लोकांची असेल नसेल ती सगळी माहिती पाठवावी." जर्मनीतल्या छोट्या गावांच्या अभिलेखागारांना अशा मजकुराचे मेल येत राहतात आणि उत्तरही ठरलेलं असतं : या विषयाची स्वतंत्र फाइल आमच्याकडे नाही. विचारणारा समजतो की सगळं जळालं किंवा लपवलं. बहुतेक वेळा तसं नसतं. प्रश्नच चुकलेला असतो.

'युडेन' किंवा 'इस्राएलिटेन' (दोन्हींचा अर्थ ज्यू) असं नाव घातलेली फाइल कचेरीनं उघडली ती बहुधा काहीतरी बिनसलं तेव्हा. कर थकला, शेजाऱ्यानं तक्रार केली, नव्या कुटुंबाला राहू द्यायचं की नाही यावर वाद झाला. तेवढीच फाइल वाचली तर गाव सदा भांडतच होतं असं वाटेल. रोजचं जगणं साध्या वह्यांत आहे : जमाखर्च, आगविमा, खरेदीखतं, वारसांच्या वाटण्या, जंगलातल्या लाकडाचं वाटप. त्या वह्यांवर 'ज्यू' असं कुठेही लिहिलेलं नसतं. म्हणून गाव ओळखायचं, नावं ओळखायची आणि मगच वही मागायची. हा क्रम मोडला की पुढचं सगळं बिघडतं.

जर्मनीत नोकरी-शिक्षणासाठी राहणारे, दारापुढच्या फरसबंदीतले पितळी स्मृतिठोकळे पाहून कोण होते हे लोक असं विचारणारे, किंवा पुण्या-मुंबईत बसून ऑनलाइन प्रती वाचणारे, अशा सगळ्यांना हा क्रम लागू आहे.

टप्पा 1 : आधी गावाचा धनी शोधा

1800 च्या आधीचा दक्षिण आणि मध्य जर्मनी शेकडो लहान सत्तांत वाटलेला होता. एक गाव सरदाराचं, शेजारचं बिशपचं, तिसरं एखाद्या मठाचं. ज्यू कुटुंबाला राहायला मिळायचं ते त्या धन्याच्या 'शुट्झब्रीफ'वर, म्हणजे संरक्षणपत्रावर, आणि त्यासाठी दरसाल संरक्षणपट्टी भरावी लागे. या गावात पंचवीस ज्यू घरं आणि पलीकडच्या गावात एकही नाही, याचं कारण बहुतेकदा धनी वेगळा एवढंच असतं.

बुटेनहाउजेनचं उदाहरण घ्या. श्वेबिश आल्ब डोंगराळ भागातलं हे छोटं गाव. 1787 मध्ये तिथले सरदार फिलिप फ्रीडरिश फॉन लीबेनश्टाइन यांनी 25 ज्यू कुटुंबांना संरक्षणपत्र दिलं. एकोणिसाव्या शतकात गावातली निम्म्याच्या आसपास वस्ती ज्यूंची होती. नेपोलियनच्या काळातल्या उलथापालथीत गाव व्युर्टेमबेर्ग राज्यात गेलं आणि म्युन्सिंगेनच्या 'ओबरआम्ट'खाली, म्हणजे तालुका कचेरीखाली आलं. 1973 मध्ये म्युन्सिंगेन जिल्हाच मोडला आणि त्याचा बहुतेक भाग रॉइटलिंगेनमध्ये गेला, आणि गाव आज म्युन्सिंगेन शहराचा एक भाग आहे. कागदही याच वाटेनं गेले. गावच्या वह्या म्युन्सिंगेनच्या नगरअभिलेखागारात, तालुका कचेरीचे कागद झिगमारिंगेनच्या राज्य अभिलेखागारात, जन्ममृत्यूच्या वह्यांच्या फिल्म श्टुटगार्टला. बुटेनहाउजेनमध्ये जाऊन कचेरी शोधणाऱ्याच्या हाती फार काही लागायचं नाही.

म्हणून पहिला कागद असा करा : डावीकडे वर्षं, मध्ये त्या वर्षांतली सत्ता, उजवीकडे त्या सत्तेचे कागद आज कुठे आहेत. वरच्या कचेरीचं नाव राज्यागणिक बदलतं हेही त्यातच लिहा. व्युर्टेमबेर्गमध्ये ओबरआम्ट, बाडेनमध्ये बेत्सिर्क्सआम्ट, प्रशियात लांडराट. शोधखिडकीत चुकीचा शब्द टाकलात तर निकाल शून्य येतो आणि माणूस उगाच निराश होतो.

*सावधान :* एका नावाची अनेक गावं असतात. आल्टेनश्टाट बव्हेरियात आहे, हेसेनमध्येही आहे, आणि दोन्हीकडे ज्यू वस्ती होती. नदीचं किंवा तालुक्याचं नाव जोडल्याशिवाय टिपण करू नका.

टप्पा 2 : नावांचा तक्ता

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कायद्यानं कायमचं आडनाव घ्यावं लागेपर्यंत खेड्यातले बहुतेक ज्यू बापाचं नाव जोडून ओळखले जात. आब्राहामचा मुलगा मोझेस तो 'मोझेस आब्राहाम'. त्याच्या मुलाचं नाव आजोबांवरून ठेवलं तर तो 'आब्राहाम मोझेस'. परदेशात आपल्या पासपोर्टावरचं वडिलांचं नाव आडनाव समजून जो घोळ घालतात, तोच घोळ इथे आपण घालतो : 'आब्राहाम' हे घराणं समजून वंशावळ बांधत जातो.

आडनावसक्तीची वर्षं पाठ असावीत : हेसेन-डार्मश्टाट 1808, बाडेन 1809, प्रशियाचे तेव्हाचे प्रांत 1812, बव्हेरिया 1813, व्युर्टेमबेर्ग 1828. ऱ्हाइनच्या डाव्या काठावर तेव्हा फ्रेंच राज्य होतं, तिथे नेपोलियनच्या 1808 च्या हुकमानं. अनेक ठिकाणी त्या वेळी जुनं नाव आणि नवं नाव समोरासमोर लिहिलेली यादी झाली. ती मिळाली तर आधी तीच उतरवून घ्या. अलीकडच्या आणि पलीकडच्या वह्या जोडणारा तेवढा एकच पूल असतो.

आडनावानंतरही पहिलं नाव हलतं. सभास्थानात (सिनेगॉगमध्ये) नाफ्ताली, घरी हिर्श, कचेरीत हेरमान : माणूस एकच. येहुदा, ल्योब, लेओपोल्ड हेही तसंच. मेनाखेम कधी मेंडले होतो, कधी एमानुएल. प्रत्येक माणसामागे सगळे पर्याय एका ओळीत लिहा आणि शेजारी वडील, बायको, घरक्रमांक आणि धंदा. यांतल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय दोन नोंदी एकाच माणसाच्या म्हणू नका.

बव्हेरियात आणखी एक हत्यार मिळतं. 1813 च्या आज्ञेनंतर तिथे गावागणिक 'माट्रिकेल' नावाची नोंद झाली आणि प्रत्येक कुटुंबाला क्रमांक मिळाला. क्रमांकांची संख्या बांधलेली होती, म्हणून जागा रिकामी झाल्याशिवाय नव्या जोडप्याला घर मांडता येईना. ही अट 1861 मध्ये उठली. तोवर धाकटे मुलगे वहीतून नाहीसे होताना दिसले तर त्यांना मृतांच्या यादीत शोधण्याआधी स्थलांतराच्या फायली बघा. त्यांतले कितीतरी अमेरिकेच्या वाटेला लागले.

टप्पा 3 : अक्षर ओळख, पण कामापुरती

'कुरेंट' हे जुनं जर्मन हस्ताक्षर पूर्ण आत्मसात होईपर्यंत थांबू नका. आधी गावातली नावं, महिने, धंदे आणि नाणी एवढीच ओळखायला शिका. ट्रान्स्क्रिबससारखं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर सलग गद्याचा बरा कच्चा मसुदा देतं, मात्र ज्यू नावांवर ते हमखास अडखळतं. करारांखाली हिब्रू लिपीतली सही असते, ती वाचणारा माणूस वेगळा गाठावा लागतो. सहीचा फोटो न विसरता घ्या. कारकुनानं ऐकून लिहिलेलं नाव आणि माणसानं स्वतः लिहिलेलं नाव यांत फरक निघतो.

*तपासा :* रकमा गुल्डेन आणि क्रॉयत्सरमध्ये असतील तर 1 गुल्डेन म्हणजे 60 क्रॉयत्सर. दक्षिणेत मार्क आल्यावर 7 गुल्डेनला 12 मार्क असा हिशेब झाला. साध्या दशांशानं बेरीज करणाऱ्यांचे आकडे हमखास चुकलेले असतात.

टप्पा 4 : जन्म, विवाह, मृत्यू

सीमारेषा 1 जानेवारी 1876. तेव्हापासून साऱ्या जर्मन साम्राज्यात 'श्टांडेसआम्ट' म्हणजे सरकारी नोंदणी कचेरी आली. प्रशियात ती 1 ऑक्टोबर 1874 लाच सुरू झाली होती. त्याआधीची वही कोणी ठेवली हे राज्यावर अवलंबून. बाडेनमध्ये हे सरकारी काम गावच्या ख्रिस्ती पाद्र्याकडे होतं, त्यामुळे ज्यू बाळाचा जन्म कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट वहीत सापडू शकतो. 'चर्चची वही, आपल्या कामाची नाही' म्हणून ती बाजूला सारणारे अर्धं गाव गमावतात.

ज्यू समाजाच्या स्वतःच्या वह्यांचं नशीब वेगळं झालं. नाझी राजवटीतल्या 'राइशझिपेनआम्ट' या वंश तपासणाऱ्या कचेरीनं त्या गोळा केल्या. युद्धाच्या अखेरीस डुइसबुर्गच्या गाटरमान कंपनीकडून त्यांच्या फिल्म काढल्या गेल्या. मूळ वह्या बहुतांशी हरवल्या, फिल्म उरल्या. लोकांना छळण्यासाठी केलेलं काम आज त्यांच्याच आठवणीचा आधार आहे, हे वाचताना अंगावर येतं, पण वापरावं लागतंच. व्युर्टेमबेर्ग, बाडेन आणि होहेनत्सोलर्नच्या प्रती श्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात 'जे 386' या संग्रहात आहेत, हेसेनच्या वीसबाडेनला '365' क्रमांकाच्या विभागात. दोन्हींतलं बरंच घरबसल्या पाहता येतं, म्हणून प्रवासाची तिकिटं काढण्याआधी इथे बघा.

1876 नंतरच्या नोंदींना मुदतीचा नियम आहे : जन्म 110 वर्षं, विवाह 80, मृत्यू 30. मुदत संपलेली वही नोंदणी कचेरीतून अभिलेखागारात जाते. मुदतीच्या आतली नोंद नातेवाईक किंवा कायदेशीर हितसंबंध दाखवणाऱ्यालाच मिळते. आधी मुदत मोजा, मग कोणाला लिहायचं ते ठरवा.

*सावधान :* जन्मनोंदीच्या समासात 'इस्राएल' किंवा 'झारा' हे जादा नाव दिसलं तर ते बारशाचं नाव नव्हे. ऑगस्ट 1938 च्या हुकमानं 1 जानेवारी 1939 पासून ते लादलं गेलं. युद्धानंतर ते रद्द केल्याचा दुसरा शेरा सहसा त्याच समासात, खाली किंवा शेजारी असतो. दोन्ही शेऱ्यांची तारीख टिपा. माणसाचं नाव लिहिताना मात्र लादलेलं नाव लिहू नका.

टप्पा 5 : आता मेल लिहा

आधीच्या टप्प्यांची तयारी हातात असेल तर मेल पाच ओळींत होतो. गाव आणि जुना तालुका, वर्षं (विसापेक्षा जास्त नकोत), दोन किंवा तीन घराण्यांची नावं आडनावाच्या पर्यायांसह, हव्या त्या वहीचा प्रकार, आणि कामाचा हेतू. शेवटी विचारा : गावच्या संग्रहाची सूची पाठवता येईल का, आणि शुल्क किती. जर्मनमध्येच लिहा, मोडकंतोडकं चालतं. छोट्या गावी अभिलेखपाल आठवड्यातून थोडेच तास असतात, दोन-तीन आठवडे थांबल्याशिवाय आठवण करू नका. जाणार असाल तर वेळ ठरवून जा, पेन्सिल न्या, फोटोची परवानगी लेखी घ्या.

टप्पा 6 : साध्या वह्या, खरं गाव

इथे घाई करू नका. एका घराण्याची एक पिढी निवडा आणि तिच्यासाठी पुढचे कागद याच क्रमानं काढा.

*आगविम्याची नोंदवही.* घर कुठलं, किती मजली, गोठा आहे का, किंमत किती. खेड्यात 'अर्ध घर', 'पाव घर' अशा मालक्या सर्रास होत्या, आणि एकाच छपराखाली अर्धं ख्रिस्ती शेतकऱ्याचं, अर्धं ज्यू व्यापाऱ्याचं असंही सापडतं. घरक्रमांक मधल्या काळात बदललेले असतात. जुना-नवा क्रमांक जुळवल्याशिवाय आजच्या नकाशावर बोट ठेवू नका.

*वाटणीपत्रं.* व्युर्टेमबेर्गमध्ये लग्नाच्या वेळी आणि मृत्यूनंतर घरातल्या चीजवस्तूंची मोजदाद होत असे. 'इन्व्हेन्टूरेन उंड टाइलुंगेन' या नावानं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गावदप्तरात मिळते. माझ्या मते सबंध दप्तरात याहून श्रीमंत कागद नाही. मथळे ठरलेले : जमीन-घर, रोकड, दागिने, पुस्तकं, कपडे, अंथरूण-पांघरूण, पितळ, कथील, लोखंड, लाकडी सामान, जनावरं, येणं, देणं. ज्यू घर असेल तर पितळेच्या रकान्यात शब्बाथचा, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाचा, टांगता दिवा सापडू शकतो. पुस्तकांत प्रार्थनापुस्तकं येतात. सभास्थानातली बसायची जागासुद्धा मिळकत म्हणून नोंदलेली आढळते, कारण ती विकता येई, वारसानं मिळे, पुरुषांकडची वेगळी, बायकांच्या सज्ज्यातली वेगळी.

वाचणारे वस्तूंची यादी उतरवतात आणि 'येणं' हा रकाना सोडून देतात, कारण तो लांबलचक आणि कंटाळवाणा असतो. तोच आधी वाचा. कुठल्या गावच्या कुठल्या शेतकऱ्याकडे गाईचे किती बाकी, हे तिथे एकेक ओळ लिहिलेलं असतं. ती गावं नकाशावर टिंबांनी टाका. व्यापारी सोमवारी घर सोडून शुक्रवारी संध्याकाळच्या आत परतेल एवढ्याच टापूत ती पसरलेली दिसतील.

*करारवह्या.* ज्यू आणि ख्रिस्ती माणसांमधले व्यवहार अधिकाऱ्यासमोर नोंदवावेत असा नियम अनेक सत्तांनी केला होता. गाय-बैलांची विक्री, उधारी, आणि अर्धेलीनं जनावर ठेवणं : व्यापाऱ्याची गाय, शेतकऱ्याचा चारा, वासरू किंवा नफा दोघांत. असा करार एकटा वाचला की सावकारी वाटते. त्याच शेतकऱ्याचे पुढच्या दहा वर्षांतले करार काढा. तोच माणूस त्याच व्यापाऱ्याकडे पुनःपुन्हा येत असेल तर नुसतं पिळवणूक म्हणून भागत नाही, आणि येणं थांबलं असेल तर का थांबलं ते जमिनीच्या वहीत बघावं लागतं.

*गावचा जमाखर्च.* वर्षागणिक एक जाड वही, सोबत पावत्यांचा गठ्ठा. वहीत फक्त आकडा असतो, कारण पावतीत. ज्यू शाळेला दिलेलं जळण, रस्तादुरुस्तीची वर्गणी, गावजंगलातल्या लाकडाचा वाटा कोणाला मिळाला आणि कोणाला नाही. हक्क कागदावर मिळाला तरी लाकूड मिळालं का, हे इथे कळतं.

*ठराव आणि बांधकाम.* स्नानकुंडाचे, म्हणजे 'मिक्वे'चे कागद बांधकामाच्या नव्हे, आरोग्याच्या फायलीत असतात. 1820-30 च्या सुमारास सरकारी वैद्यांनी तळघरातली थंड पाण्याची कुंडं पाहिली आणि त्यांतली अनेक बंद करायला लावली. त्या तपासणीत पायऱ्या किती, पाणी कुठून येतं, कुंड कोणाच्या घराखाली, असा तपशील मिळतो. शब्बाथच्या हद्दीसाठी (जिच्या आत त्या दिवशी वस्तू बाहेर नेता येत) रस्त्यावर लावलेली तार किंवा आडवा दांडा 'रहदारी'खाली शोधा.

*तपासा :* एका घराण्यासाठी घर, धंदा, येणं आणि गावातला हक्क अशा चारही बाबींचा निदान एकेक कागद आला का? नसेल तर दुसऱ्या घराण्याकडे वळू नका.

टप्पा 7 : वही नसेल तर तिचं दुसरं टोक

गावानं पाठवलेलं पत्र तालुका कचेरीत पोचलेलं असतं, आणि तिथून आलेला हुकूम गावात. गावची वही 1945 मध्ये जळाली किंवा रद्दीत गेली असली तरी वरच्या कचेरीत तिची प्रत, गोषवारा किंवा निदान तक्रार उरते. ज्यू समाजाचे स्वतःचे काही कागद 1905 मध्ये बर्लिनला स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहाकडे गेले होते. त्यातलं बरंच आज जेरुसलेममध्ये आहे, म्हणून तिथली सूचीही गावाच्या नावानं चाळा.

टप्पा 8 : दफनभूमी

कबर गावातच असेल हे गृहीत धरू नका. अनेक गावांची मिळून एकच दफनभूमी असे, तीही दुसऱ्या गावच्या हद्दीत. मृत्यूची नोंद एका दप्तरात, दफनाचा खर्च दुसऱ्यात.

दगडावर हिब्रू वर्ष हजार वगळून लिहितात. अक्षरांची बेरीज 620 आली तर त्यात 1240 मिळवा : 1860. महिना शरदातला, म्हणजे ज्यू वर्षाच्या सुरुवातीचा असेल तर 1239 मिळवा : 1859. दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून रात्री गेलेल्या माणसाची सरकारी तारीख आणि दगडावरची तारीख एका दिवसानं वेगळी दिसेल. ती चूक म्हणून 'दुरुस्त' करू नका, दोन्ही लिहा.

टप्पा 9 : 1933 ते 1945, आणि त्यानंतरचं

बरेच जण इथूनच सुरुवात करतात. मी हा टप्पा मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधीचं गाव माहीत नसेल तर लिलावाच्या यादीतलं कपाट कोणाच्या आजीचं होतं ते कळत नाही.

ग्रामसभेच्या ठरावांत गुरांच्या बाजारातली बंदी शोधा. धंदा बंद केल्याच्या नोंदी, 1938 च्या नोव्हेंबरमधल्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर सभास्थानाची जागा गावानं किती किमतीला घेतली, घरं कोणाच्या नावावर चढली. निवासनोंदीच्या कार्डावर 'स्थलांतरित' किंवा 'पत्ता अज्ञात' असं साळसूद लिहिलेलं असतं. तारीख बघा. बाडेनमधल्या गावात 22 ऑक्टोबर 1940 असेल तर ती फ्रान्समधल्या ग्युर्स छावणीकडची हद्दपारी. व्युर्टेमबेर्गच्या गावात 1 डिसेंबर 1941 च्या आसपासची असेल तर श्टुटगार्टहून रीगाला गेलेल्या गाडीशी पडताळा. पडताळणीसाठी जर्मन संघीय अभिलेखागाराचं स्मृतिपुस्तक आणि बाड आरोल्झेनचा नाझी छळाविषयीच्या कागदांचा संग्रह, दोन्ही ऑनलाइन आहेत.

हद्दपारीनंतर घरातलं सामान वित्त कचेरीनं गावातच लिलावात काढलं. त्या याद्यांत वस्तू, किंमत आणि घेणाऱ्याचं नाव असतं. घेणाऱ्यांची नातवंडं अजून गावात राहत असतात. नावं छापण्याआधी त्या राज्याचा अभिलेख कायदा वाचा. व्यक्तीविषयक कागदांना साधारण मृत्यूनंतर 10 वर्षांची मुदत असते, मृत्यूची तारीख कळत नसेल तर जन्मापासून 90 किंवा 100 वर्षं, राज्यानुसार.

युद्धानंतर दोस्त सैन्याच्या हुकमावरून गावांनी तिथे राहिलेल्या ज्यूंच्या याद्या करून दिल्या. त्या करणारे कारकून पुष्कळदा आधीचेच होते, तेव्हा 'स्वखुशीनं गेले' असला शेरा पुराव्याशिवाय उचलू नका. त्यासमोर भरपाईच्या फायली ठेवा. वाचलेल्यांनी किंवा त्यांच्या वारसांनी तिथे घर खोली-खोलीनं सांगितलेलं असतं, आणि टप्पा 6 मधल्या आगविम्याच्या नोंदीशी ते ताडून पाहता येतं. प्रत्येक टिपणाखाली अभिलेखागार, संग्रह, फाइल क्रमांक आणि पान लिहून ठेवा. नुसत्या फोटोच्या क्रमांकावरून ती फाइल पुन्हा मागवता येत नाही.